कानपिळीची तालीम

माझ्या उजव्या कानाने एका लग्नासाठी जेवढं सोसलं, तेवढं नवरीनेही सोसलं नसेल. नवरी म्हणजे माझी थोरली बहीण. साठ सालाच्या पुढेमागे आम्ही अमरावतीला राजापेठेत राहत होतो. बाबा सरकी काढायच्या एका जिनात कारकून होते, आणि आम्हा दोघी बहिणींच्या मधला आमचा दादा.

दादा थोडंच बोलायचा, तेही त्याला वाटलं तर. कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे. न सांगता अंगाला हात लावला की किंचाळायचा, आणि भांडं पडलं की कान दाबून कोपऱ्यात जाऊन बसायचा. आज त्याला स्वमग्नता म्हणतात. तेव्हा गल्लीतले ‘अर्धवट’ म्हणून मोकळे होत. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. टॉनिक संपलं, दादा होता तसाच राहिला.

आईबाबांनी हात टेकले होते, त्यामुळे दादाच्या बाबतीत घरात राज्य ताईचं. तिने त्याच्याकडे नीट पाहून पाहून सगळ्यांना नियम लावून दिले. त्याला आधी सांगायचं, मग करायचं. फोडणी टाकतानासुद्धा आई ओरडायची, “आता चर्र होईन बरं!” पुढारीपणावरची भाषणं मी पुढे पुष्कळ ऐकली, पण पुढारी मी आधीच घरात पाहिला होता, परकर-पोलक्यातला. मला मात्र राग यायचा. मला कोणी आधी काही सांगत नसे, एकदम धपाटाच मिळे.

ताईचं लग्न अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका घरी ठरलं. ते लोक मुलगी पाहायला आले तेव्हा दादाला शेजाऱ्यांकडे बसवून ठेवलं होतं. मग मामांनी फर्मान काढलं, लग्न होईस्तोवर त्याला वरूडला मावशीकडे पाठवा, मुलाकडच्यांना कळलं तर लग्न मोडेल.

ताई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “काहून धाडता त्याले वरूडले? नवरदेवाचा कान पिळाले भाऊ नको काय?”

“माहा पोरगा हाय ना!” मामा म्हणाले.

“तो त्याच्या बहिणीच्या लग्नात पिळन. माह्या लग्नात माहा भाऊच पिळन. नाही त लगन राहू द्या.”

आईने रडून पाहिलं, मामांनी ओरडून पाहिलं. ताईने गहू निवडून संपवले.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. दादा कोणाला हातच लावत नसे, हीच तर पंचाईत होती. मला मुंडावळ्या बांधून पाटावर बसवायचं आणि ताईने म्हणायचं, “आता कान.” आधी त्याने टॉवेलच्या कोपऱ्याने माझा कान चाचपून पाहिला. मग एका बोटाने. मग एकदाचा चिमटीत धरला, आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडलं! रोज संध्याकाळी माझा कान लालबुंद. तक्रार केली की ताई म्हणे, “तुहा कान कामाले त आला.”

लग्नाचा दिवस उजाडला. होमाच्या वेळी वाजवायचं नाही, असं ताईने बँडवाल्यांना बजावून ठेवलं. “लगन हाय का मयत?” मामा करवादले.

गुरुजींनी पुकारलं, “नवरीचा भाऊ या.” नवी टोपी घातलेला दादा उठला. होमापाशी आला, नवरदेवाला वळसा घातला, बायकांत बसलेल्या माझ्यापुढे येऊन बसला आणि माझा कान पिळला. अगदी शिकवला तस्सा. आम्ही त्याला फक्त माझाच कान पिळायला शिकवलं होतं!

मंडप खो खो हसला. मग मुलाकडच्या एका आत्याबाईंनी विचारलं, “पोरगं वेडं हाय काय?” हसू थांबलं. आई पांढरीफटक पडली. मामांनी घाईघाईने दादाचा दंड धरला, आणि दादा किंचाळला.

“सोडा त्याले!” ताई पाटावरून म्हणाली. मग नवरदेवाकडे वळली. “माहा भाऊ हाय तो. त्याले गर्दी सोसत नाही, कोनी हात लावलेला सोसत नाही. आमी तो तुमच्यापासून लपवला. आता पाहून घ्या, अन् चालत नसंन त आत्ताच सांगा.”

लग्न मोडलं, हे मी धरूनच चालले.

नवरदेव उठले. उपरण्याला गाठ मारलेली, म्हणून ताईलाही मागोमाग उठावं लागलं. माझ्यापाशी येऊन ते म्हणाले, “सरक जराशी.” माझ्या जागी बसले आणि ताईला विचारलं, “काय म्हणून सांगता त्याले?”

ताईने सांगितलं.

“आता कान,” नवरदेव हळूच म्हणाले, आणि मान पुढे केली.

दादा बराच वेळ त्या कानाकडे पाहत राहिला. बोट लावून पाहिलं. मग चिमटीत धरला. मला इतका आनंद झाला की मी तिथेच भोकाड पसरलं.

घराबाहेरच्या माणसाला दादाने आपणहून हात लावला तो पहिल्यांदाच, आणि आता तो सोडायला तयार नव्हता. गुरुजी ताटकळले. शेवटी तिघं तसेच होमाकडे निघाले, पुढे दादा, त्याच्या चिमटीत नवरदेव, गाठीला ताई. पाटावर बसल्यावर मान वाकडीच ठेवून नवरदेव म्हणाले, “असू द्या गुरुजी, वाचा पुढचं.”