खोडदच्या छत्र्या आणि माझं खोटं

माझ्या नातीला मी सांगून ठेवलं होतं, तुझा बाप खोडदला कामाला लागलाय. आता खोडद म्हणजे आमच्या पिंपरी पेंढारपासून काही परदेश नाही. तिथल्या रानात दुर्बिणीच्या मोठाल्या जाळीच्या छत्र्या आभाळाकडं तोंड करून उभ्या आहेत. तिथं मोबाइल बंद ठेवायला लावतात, त्यानं यंत्राच्या कामात अडथळा येतो म्हणतात. हे माझ्या कानावर होतं, म्हणून तर मी ती जागा निवडली. पोर विचारायची, "आजी, पप्पा फोन का करत नाहीत?" मी सांगायची, "अगं बाळा, तिथं फोन चालत नाही, आणि सुट्टीही मिळत नाही." ती खेळायला पळायची. मला वाटायचं, लई हुशारी केली आपण.

खरं असं, की माझा मुलगा पुण्याच्या जेलात होता. अजून आहे. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि त्यानं समोरच्याच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला. तो माणूस वाचला, पण त्याचा एक हात अजून नीट चालत नाही. चूक माझ्या मुलाची, हे मी कुणापासून लपवलं नाही. लपवलं ते फक्त नातीपासून. तिकडून आठवड्याला फोन यायचा, तो ती शाळेत असताना सून घ्यायची.

त्या सुमारास लोकांनी आमच्याकडं येणं कमी केलं. वाईट कुणी बोललं नाही, पण हळदीकुंकवाचं बोलावणं शेजारच्या दारापर्यंत यायचं आणि तिथनंच मागं फिरायचं. अशात एकदा आम्ही सासू-सून टोमॅटो तोडत होतो आणि बांधावर एक स्कूटी थांबली. डोक्यावरून ओढणी घेतलेली जुन्नरची एक मुसलमान बाई. म्हणाली, "संस्थेतून आलेय मावशी. ज्यांच्या घरचं माणूस आत आहे, त्यांच्याकडं आम्ही जातो."

मला वाटलं, पोलिसांनीच पाठवली असणार. पाणीसुद्धा विचारलं नाही मी, लिहिताना आज लाज वाटते. वर म्हटलं, "आमची तोंडं बघून काय मिळणार हाय तुमाला?"

तिनं रिकामं क्रेट उपडं केलं, त्यावर बसली आणि फुटके टोमॅटो बाजूला काढायला लागली. "तोंडं नंतर बघू. आधी हे निवडू. माझ्या वडलांचं भाजीचंच दुकान होतं." चार क्रेट भरले तेव्हा सुनेनं तिला पाण्याचा तांब्या दिला. त्या दिवसापासून ती आमची ताई झाली.

भेटीचा नंबर कसा लावायचा, कागद कोणते न्यायचे, हे सगळं तिनं शिकवलं. ताई यायच्या आधी, पहिल्या भेटीला मी एकटी गेले होते, भाकरी-ठेचा बांधून. आत नेऊ देत नाहीत हे माहीत कुणाला? गेटवरून तसाच परत आणला आणि एसटीत रडत रडत मीच खाल्ला. दुसऱ्या खेपेला ताई बरोबर आली, मला बसायला सावलीची जागा बघितली आणि स्वतः रांगेत उभी राहिली. सुनेला शिवणाच्या वर्गात घातलं. वकील जे बोलला ते मला कळेल अशा बोलीत पुन्हा सांगितलं. आणि यातलं काहीच उपकार केल्यासारखं नाही.

एकदा तिनं विचारलं, "मावशी, पोरीला काय सांगितलंय?"

मी खोडदचं सांगितलं. ती आधी खळखळून हसली. "मोबाइलचं बरं सुचलं तुम्हाला." मग जराशानं म्हणाली, "अधूनमधून जेलात मुलांना बापाला काचेशिवाय भेटू देतात. गळाभेट म्हणतात. पोरीला नेता येईल, मी सोबत जाईन. पण आपण कुठं चाललोय हे तिला माहीत पाहिजे."

"सांगते की," म्हटलं, आणि सांगितलं नाही. आज नको, परीक्षा आहे. आज नको, सर्दी झालीय.

मग माझं खोटं गावभर फिरलं, कारण पोरीनं ते शाळेत सांगितलं. पिठाच्या गिरणीत शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाली, "काय वं, तुमचा ल्योक खोडदला सायब झालाय म्हणं? आमाला वाटलं दुसरीकडंच मुक्कामाला हाय." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी दळण घेऊन घरी आले.

आणि एका संध्याकाळी पोर नाचतच आली. शाळेची सहल खोडदला. तिनं बापाचा स्वेटर घडी घालून दप्तरात ठेवला. वर्गाला सांगून आली होती, माझे पप्पा सगळ्यांना छत्र्या दाखवतील.

ती तिथं बापाला शोधत फिरणार, कुणीतरी हसून खरं सांगणार, आणि माझं पोर स्वेटर हातात घेऊन उभं राहणार. मी ताईला फोन लावला. "सहलीदिवशी ताप आलाय म्हणून घरी ठेवते."

"मावशी, ताप किती वेळा येणार?" ती म्हणाली. "मी उद्या दुपारी येते. पण सांगायचं तुम्हीच. मी नुसती शेजारी बसेन."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर शेंगा फोडत बसलो. सून दाराशी, ताई माझ्या बाजूला. मी कसंबसं सांगितलं. पोरीनं हातातली शेंग फोडली नाही, नुसती धरून ठेवली.

"पप्पानं मारलं त्या काकांना?"

"हो बाळा."

"सॉरी म्हणले का?"

मी ताईकडं बघितलं. ती शेंगा फोडत राहिली, मलाच बोलायचं होतं. म्हटलं, "कोर्टात म्हणला. त्यांच्या घरी जाऊन म्हणायचं राहिलंय."

"आणि तू?" पोर माझ्याकडं बघत म्हणाली. "तू पण खोटं बोललीस ना?"

एवढं वय झालं, पण मान खाली घालून माफी मागायची वेळ माझ्यावर तेव्हाच आली. मी म्हटलं, "चुकलं माझं." मग ती रडली, सुनेच्या कुशीत, बराच वेळ. आम्ही रडू दिलं. ताईनं सांगूनच ठेवलं होतं, उगी उगी करायला धावू नका.

ताईनं आम्हाला विचारून शाळेतल्या बाईंच्या कानावर घातलं. पोरीला म्हणाली, "कुणी विचारलं तर म्हणायचं, पप्पा लांब आहेत. सगळ्यांना सगळं सांगायला लागत नाही, पण तुला सगळं माहीत आहे." पोर सहलीला गेली. स्वेटर तिनं स्वतःच दप्तरातून काढून पेटीत ठेवला. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं, पण ती आली ती बडबड करतच. बाई दिवसभर तिच्या जवळच होत्या म्हणे.

पुढं गळाभेटीची तारीख आली. मोठ्यांना आत सोडत नव्हते, संस्थेच्या माणसांबरोबर मुलंच गेली. मी आणि सून बाहेर लिंबाखाली बसलो. ताई पोरीला घेऊन बाहेर आली तेव्हा पोरीचे डोळे लाल होते, पण चेहरा हसरा. आत काय झालं ते ताईनंच सांगितलं. पोर आधी बुजली, मग बापाच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही कामाला होता ना, ते मी बघून आले. लई मोठ्या छत्र्या आहेत. आणि तिथं मोबाइल खरंच बंद ठेवायला लावतात. तेवढं आजी खरं बोलली." मग तिनं त्याला त्या काकांच्या घरी कधी जायचं ते विचारलं. त्यानं कबूल केलं, सुटल्यावर आधी तिथं.

हे ताईनं आमच्यासाठी शब्द न् शब्द लक्षात ठेवून आणलं. मी तिचे हात धरले, तर म्हणाली, "चला मावशी, एसटी चुकंल."

पुढच्या भेटीला काचेपलीकडं मुलानं फोन उचलला. नेहमी तो खाली बघून बोलायचा. त्या दिवशी माझ्याकडं बघून म्हणाला, "आये, मला नोकरी लावलीस आन् मलाच न्हाई सांगितलं व्हय गं?"

लई दिवसांनी त्याला हसताना बघितलं मी. मागं वळून ताईला दाखवलं.