धोप्याच्या टोकावरचा थेंब

दिवाळीच्या सुट्टीत गावी निघालो, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला त्यांचा कॅमेरा दिला. मलाच का, ते मी विचारलं नाही. बहुधा वर्गात ज्याच्या घरी धोपा आहे असा मी एकटाच असेन. धोपा म्हणजे अळू. सुट्टीनंतर कॉलेजात प्रदर्शन होतं आणि सरांना धोप्याच्या पानाच्या टोकाला सकाळी लोंबणाऱ्या थेंबाचा फोटो हवा होता. तो थेंब दंवाचा नसतो, असं त्यांनी वर्गात शिकवलं होतं. मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी झाडच टोकातून बाहेर टाकतं. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं.

कॅमेरा डब्यासारखा चौकोनी होता. पुढे जवळून फोटो काढायचं जादा भिंग घट्ट बसवलेलं. भिंगाशी सरांनी वीतभर दोरा बांधला होता. दोरा ताणून त्याचं टोक जिथे पोचेल, नेमका तिथे थेंब हवा. पुढेमागे झाला की सगळं धूसर.

"आठ फोटो निघतील. रीळ हे एकच आहे," सर म्हणाले. "जमेल ना?"

"जमेल," मी म्हणालो. तोवर मी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावलेला नव्हता. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे "येत नाही" हे वाक्य मला कुठे आणि कसं म्हणायचं, ते समजत नसे.

कामठ्याला घरी पोचलो आणि पहिला फोटो माझ्या गुडघ्याचा निघाला. कळ कुठे असते ते बाबांना दाखवत होतो.

"झाडायचे फोटो काढतेत?" बाबा म्हणाले. "काऊन, माणसं मेले का?" आणि ते धुतलेली टोपी घालून अंगणात खाटेवर बसले. हे भिंग फक्त जवळचं दाखवतं, असं मी सांगितलं.

"मंग जवळ येतो ना!"

ते खरंच वीतभर अंतरावर आले. बाबांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी दोरा त्यांच्या नाकाला लावला आणि कळ दाबली. डोळे मिटले गेले म्हणून त्यांनी आणखी एक काढायला लावला. तेवढ्यात शेजारचे काकाजी आले. "माही मिशी पुरी येऊन जाईन ना?" एवढीच त्यांची चौकशी होती. एक बाजू येईल, असं मी खरं ते सांगितलं. ते उजवी बाजू पुढे करून बसले.

चार फोटो गेले. उरलेल्या चारांत थेंब आला नाही, तर सरांना काय तोंड दाखवायचं, या काळजीत मला जेवण गेलं नाही. मायनं विचारलं, उद्या कशाचा फोटो काढणार? आपल्या बाडीतल्या धोप्याचा, मी म्हणालो.

सकाळी उजाडता उजाडता कॅमेरा घेऊन घरामागच्या बाडीत गेलो. धोप्याची पानं नव्या पितळेसारखी चकचकत होती. एकावरही थेंब नव्हता. माय फडकं घेऊन शेवटच्या पानाशी उभी होती.

"माय, का करून राहिली?"

"असेच मळके पानं दाखवशीन का मास्तरले? म्हणन, याच्या घरी बाई आहे का नाही!"

"अवं, ते पाणीच पायजे होतं!"

"पाण्याले का झालं? विहीर भरून आहे." तिनं लोटा उचलला. मी तो अक्षरशः हिसकावून घेतला. आयुष्यात मायच्या हातातून काही हिसकावण्याची ती पहिली वेळ.

"कालेजात हेच शिकवतेत का?" पडवीतून बाबांनी विचारलं.

मी वाफ्याच्या कडेला बसलो. ऊन चढलं की संपलं. माय मात्र त्या शेवटच्या पानावर चिडली होती. "हे एकच लबाड आहे. दोनदा पुसलं तरी याचं नाक गळूनच राहिलं!"

मी उठून पाहिलं. टोकाला थेंब होता.

"पूस," मी म्हणालो. "पुन्हा पूस."

माझी तब्येत बरी आहे ना, असं तिनं पाहिलं आणि टोक कोरडं केलं. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बसलो. काही वेळ काहीच नाही. मग मोहरीएवढा ठिपका आला, फुगला, लोंबला.

"अवं माय वं," ती हळूच म्हणाली, "हे तं आतून येऊन राहिलं!"

कॅमेरा उपड्या पायलीवर ठेवला. दोऱ्याचं टोक मायनं धरलं. पहिल्या वेळी कळ दाबली आणि थेंब पडला. दुसऱ्या वेळी माय दोरा सोडायला विसरली. तिसऱ्या वेळी बाबा बघायला आले आणि त्यांची सावली पडली. प्रत्येक वेळी ती पान पुसायची आणि आम्ही नव्या थेंबाची वाट बघायचो. चौथ्याला मी श्वास इतका रोखला, की कळ दाबल्यावर खोकलाच आला.

सुट्टी संपल्यावर सरांनी रीळ धुऊन फोटो टेबलावर मांडले.

"हे काय आहे?"

"बाबा आहेत, सर. तेही बाबाच."

"आणि हे झुडूप?"

"काकाजींची मिशी."

सर पुढचे फोटो उलटवत गेले. शेवटच्या फोटोत टोकाला थेंब लख्ख होता, पण कोपऱ्यात फडकं आणि दोन बोटंही आली होती. मी सगळं कबूल केलं: मायनं पानं पुसली, थेंब पुन्हा आला, परत पुसला. कोपरा कापून टाकता येईल, असंही घाबरत सुचवलं.

"कापायचं?" सर म्हणाले. "अहो, हाच तर पुरावा आहे. पुसलेल्या पानावर दंव लगेच कसं येईल?" त्यांनी लेबल लिहिलं: 'पान कोरडे पुसल्यावर पुन्हा आलेला थेंब.' आणि फोटोशेजारी समजावून सांगायला मलाच उभं केलं.

प्रदर्शनात थेंबाबद्दल फारसं कोणी विचारलं नाही. ही बोटं कोणाची, हेच सगळे विचारत होते. "माझ्या आईची," मी म्हणत होतो. सकाळी ते समोरच्यालाही ऐकू जात नव्हतं. दुपारनंतर दारापाशी उभ्या असलेल्यांनाही जाऊ लागलं.