जावयाला सुई

"एकटीला सुई टोचून भागत न्हाई, जोडीनं या," हे नागूबाईचं कायमचं बोलणं. निंबर्ग्यात आशाताई म्हणून ती कित्येक वर्षं फिरायली. घराघरातलं काय काय तिच्या पोटात राहिलंय, ते तिलाच ठाऊक.

विजयश्री सहाव्या महिन्यात माहेरी आली. दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. ना जखम, ना दुखणं. पण पोटातल्या लेकरालाही ती लागते. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक अशा तीन सुया दिल्या आणि बजावलं, नवऱ्यानंही औषध घ्यायला हवं, न्हाईतर त्याच्याकडनं परत लागेल. धनराज सोलापुरात गवंडी. "मला काय धाड भरलीय?" म्हणून त्यानं फोन ठेवला. आता आठव्यातल्या ओटीला तो येणार, मुक्कामाला राहणार. विजयश्रीला त्याच दिवसाची धास्ती लागली.

ओटी भरून झाली. बायका पानाला चुना लावत बसल्या होत्या. नागूबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "जावईबापू, दवाखान्यापर्यंत सोडता का गाडीवर? गुडघे धरलेत माझे."

सासुरवाडीत, चार बायकांपुढं, म्हातारीला न्हाई कसं म्हणायचं? तो उठला. विजयश्री दाराआड येऊन थांबली.

अंगणात नागूबाईचा आवाज खाली आला. "गुडघे धड हायती माझे. सुई तुम्हाला घ्यायचीय."

"मला कुठं काय दुखायलंय, अक्का?"

"दुखलं असतं तर आपणहून पळत आला असता. गुपचूप राहतंय, म्हणून तर लेकरापर्यंत जातंय."

"कुणाकडनं आलं, ते सांगा आधी."

"रक्त तेवढं सांगत न्हाई. मीबी विचारत न्हाई. गाडी काढा."

धनराज कितीतरी वेळ किल्ली बोटात फिरवत राहिला. मग गाडी चालू झाली.

नागूबाईला मागं बसवून परतला तेव्हा तो गाडीवर एका अंगावर कलून बसला होता. "आणखी दोन सुया हायत. औषध पुरं होईस्तोवर मी वसरीवर निजतो," विजयश्रीकडं न बघता तो म्हणाला. आतून बायका विचारायल्या, एवढा वेळ कुठं होता? "दवाखान्यात रांग का थोडी असती?" नागूबाई म्हणाली आणि पान तोंडात घालून निघाली.

गल्लीत भेटेल त्याच्याशी ती हसून बोलत होती. त्यातल्या कुणाकुणाचं तिला काय माहीत असेल, असं विजयश्रीला वाटून गेलं. ओटीचं नारळ-तांदूळ पदरात धरून ती उंबऱ्यावर उभी राहिली, मारुतीच्या देवळाआड नागूबाई दिसेनाशी होईपर्यंत.