बारशाची कॅसेट

आमच्या लग्नाची कॅसेट होती, पण बायकोचा आवाज ऐकायला तिचा काही उपयोग नव्हता. शूटिंगवाल्याने तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवली होती. त्या भल्या माणसाला मी पुढे किती शिव्या घातल्या असतील, ते त्याला ठाऊकही नाही.

बायकोचा आवाज राहिला होता तो एकाच ठिकाणी, मुलीच्या बारशाच्या कॅसेटवर. एका पाहुण्याने हौसेने स्वतःच्या कॅमेऱ्यावर ते शूटिंग केलं होतं आणि त्याला गाणी चढवता येत नव्हती, हे आमचं नशीब. बारशाला वर्ष व्हायच्या आत बायको काविळीने गेली. मुलीला आई आठवायचं कारणच नव्हतं. शाळेत जायला लागल्यावर मात्र ती विचारू लागली, "पप्पा, आई कशी बोलायची?" फोटो पुढे करता येतो, बोलणं कुठून काढून दाखवणार? मी म्हणायचो, छान बोलायची. पोरीला ते पटायचं नाही, आणि का पटावं?

आम्ही अंकुशनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. क्वार्टरच्या भिंतींना कायम ओल. एकदा कपाटातून कॅसेट काढली तर आतल्या फितीवर पांढरी बुरशी चढलेली.

मेहुण्याचा जालन्यात कॉम्प्युटर क्लास होता. तो म्हणाला, "दाजी, बिलकुल टेन्शन घेऊ नका. मी नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलंय, त्यात बाहेरून व्हीसीआर लावता येतो. ताईला सीडीवर घेऊन टाकू, मंग बुरशी लागायचं कामच न्हाई." ती त्याची पाठची बहीण नव्हती, वरची होती. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. माझ्याइतकीच त्यालाही ती कॅसेट हवी होती.

मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून मी एका रविवारी गेलो. मेहुण्याने व्हीसीआर भाड्याने आणून ठेवला होता. कॉम्प्युटरच्या मागे, त्या कार्डाला एक पिवळं भोक होतं. व्हीसीआरची पिवळी वायर त्याने तिथे खोचली. कॅसेट नीट चालते का ते बघायला व्हीसीआरची दुसरी, अँटेनाची वायर बाजूच्या टीव्हीला जोडली. "दोन्हीकडं बराबर येऊन राह्यलं," तो खुशीत म्हणाला. बुरशीमुळे फीत पुन्हा चालेल याचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही टीव्हीला डोळे लावून बसलो.

पाळणा आला, बायका आल्या. नाव घे, नाव घे, असा गलका झाला. तिने पदर तोंडाशी नेला, हसली, कोणाला तरी "थांबा ना" म्हणाली आणि उखाणा घेतला. घरात मला ती "अहो" म्हणायची, नाहीतर "ऐकलं का". तिच्या तोंडून माझं नाव मी लग्नात एकदा ऐकलं होतं आणि बारशाला एकदा. आता तिसऱ्यांदा ऐकलं. मेहुणा स्टुलावर बसून हमसून रडू लागला. मीही रडलो, लाज कसली?

उखाणा संपला आणि घर्रकन आवाज होऊन व्हीसीआरने फीत गिळली. बाहेर ओढावी तर तिचे तुकडे हातात येऊ लागले. व्हीसीआर परक्याचा, म्हणून शेवटी कात्रीने कापूनच काढावी लागली. "जाऊ द्या दाजी, पाहिजे ते आल्तं कॉम्प्युटरमधी," मेहुणा म्हणाला. त्याने कॉम्प्युटरवर लावून दाखवलंही. क्लासमधले स्पीकर पोरं गाणी लावतात म्हणून त्याने कधीच काढून ठेवले होते. पडद्यावर ती हसताना दिसली, तेवढ्यानेच आमचं पोट भरलं. फितीचा गुंता कचऱ्यात गेला.

सीडी घेऊन घरी आलो. शेजाऱ्यांचा सीडी प्लेयर मागून आणला. मुलगी टीव्हीला नाक लावून बसली. पाळणा आला, बायका आल्या, गलका काही आला नाही. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. तिने पदर तोंडाशी नेला, हसली, बोलली. सगळं मुकं.

एसटीडी बूथवरून मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, टीव्हीच्या एका वायरीतून चित्र आन् आवाज दोन्ही येतंय, म्हणून मला वाटलं पिवळीतून बी येतंय. ती नुसती चित्राची असंल, आवाजाची येगळी लावायला पाहिजे होती." आणि शेवटी, "टीव्हीवर ऐकू येत होतं ना दाजी, मंग मी कशाला बघतो?" मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण तो लहान मुलासारखा रडत होता. मी फोन ठेवला.

घरी आलो तर मुलगी तिथेच बसलेली. उखाण्याशी चित्र थांबवलेलं.

"पप्पा, आई काय म्हणाली?"

उखाणा मला पाठ होता. मी तो म्हटला, माझ्याच नावासकट. तिने मान हलवली.

"असं न्हाई. आईसारखं म्हणा."

त्याच दिवशी तर ऐकलं होतं. मी डोळे मिटले. शब्द सगळे आले, ती कुठे थांबली, कुठे हसली तेही आलं. आवाज येईना. मी पुन्हा म्हणून पाहिलं, बारीक आवाज काढून. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, आणि मग उठून तिनेच टीव्ही बंद केला.