पाहुण्याला आधी पाणी

इस्माईलमामू सकाळी व्हॅनचं दार उघडण्याआधी खाली वाकत आणि चाकामागे ठेवलेली वाटी पाण्याने भरत. कुवेतमधल्या एगैला भागातल्या आमच्या इमारतीची मांजरं उन्हाळाभर त्या वाटीवर जगत. मामू रत्नागिरीकडच्या खाडीवरचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. इथे ते आमच्या मुलांना शाळेत नेत-आणत. कोणी उन्हातून आलं की विचारपूस मागाहून, आधी थर्मासमधलं पाणी.

माझी मुलगी अनघा तेव्हा आठवीत होती. तिला इंग्रजीला एक कादंबरी होती, बर्फात राहणाऱ्या इन्युइट लोकांची. तिच्यातली आजी शिकार करून आणलेल्या सीलच्या तोंडात गोडं पाणी ओतते. ते पाणी कशाचं प्रतीक, यावर निबंध लिहायचा होता. मी शुऐब्याच्या कारखान्यातली ड्यूटी करून आलो होतो; बूट काढता काढता, शुद्धतेचं, असं सांगून टाकलं. तिला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मामूंना विचारलं.

"खाऱ्यात ऱ्हानाऱ्या जिवाला गोडा पानी कुठला, बाय?" मामू म्हणाले. "तो आपल्या पोटासाठी घरात आला. मंग पावनाच झाला ना? पावन्याला आधी पानी."

अनघाने ते मामूंच्या नावानिशी लिहिलं. मी नाव खोडायला लावलं. ड्रायव्हरचा दाखला देतात का कोणी, शाळेत हसतील, म्हणालो.

"बट ही सेड इट, बाबा."

तरी खोडायला लावलंच.

पालकसभेत बाईंनी तो निबंध वाचून दाखवला आणि हे मुलीला कोणी सांगितलं, असं मला विचारलं. मामू मागे दारात मुलांची दप्तरं घेऊन उभे होते. अनघा माझ्याकडे बघत होती. घरी आमचं असं बोलणं होतं, मी म्हणालो.

येताना मामू धुळीच्या वाऱ्याबद्दल बोलत राहिले. अनघा खिडकीबाहेर बघत होती. त्यानंतर तिने अभ्यासातलं मला काही विचारलं नाही.

काही वर्षांनी मामू कायमचे गावी निघाले. माफी मागायचीच, असं ठरवून मी भर दुपारी खाली गेलो. "मामू, तो निबंध..." एवढंच म्हणालो. त्यांनी थर्मासचं झाकण भरून पुढे केलं.

"आधी पानी घ्या, साहेब."

मी प्यालो. झाकण परत दिलं आणि सामान किती झालं ते विचारलं.

मामू गेल्याचं गावाकडून कळलं तेव्हा मी अनघाच्या त्या निबंधाचा कच्चा कागद शोधून काढला. माझ्या सांगण्यावरून मारलेल्या रेघेखाली तिची इंग्रजी अक्षरं अजून वाचता येतात: आमचे ड्रायव्हर इस्माईलमामू म्हणाले.