डोरीनकडची मुकी पाहुणी

डोरीन स्टॅनिफोर्थच्या तोंडी लागू नये, हे शेफील्डच्या वॉकली भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तीस वर्षं तिने कारखान्यात फिरत्या चाकावर चमचे घासले होते. अंगाला तपकिरी कागद गुंडाळायचा, डोक्याला लाल फडकं बांधायचं आणि दिवसभर काळी धूळ खायची. त्या घरघराटात हळू बोलणाऱ्या बाईचं कोणी ऐकत नसे, म्हणून सगळ्याच ओरडत. आणि ओरडायचंच आहे तर साधं कशाला ओरडा, म्हणून शिव्या देत. कारखाना बंद पडला, चाकं भंगारात गेली, पण डोरीनचा आवाज काही खाली आला नाही.

नवरा रॉन बसचा ड्रायव्हर होता. एका दुपारी टीव्हीवर क्रिकेट बघता बघता तो खुर्चीतच गेला. "इंग्लंडची बॅटिंग चालू होती," डोरीन भेटेल त्याला सांगे, "त्याला तरी किती दोष द्यायचा?" मग मागची खोली रिकामी राहिली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही. यातलं दुसरं दुःख मोठं होतं. म्हणून तिने कॉलेजच्या कचेरीत नाव दिलं, आणि सहा-सहा महिन्यांच्या देवाणघेवाणीवर आलेली परदेशी पोरं तिच्याकडे राहायला येऊ लागली.

एक फ्रेंच मुलगा आला, तो तिच्या मांसाच्या रश्श्याकडे बघून उसासे टाकी. एक जर्मन मुलगी फ्रिजमधल्या प्रत्येक वाटीला तारखेची चिठ्ठी लावून गेली. डोरीन त्या सगळ्यांना पुरून उरली. पण चौऱ्याण्णवच्या जानेवारीत फिनलंडहून तूली हायकिनेन आली आणि डोरीनच्या आयुष्यात पहिल्यांदाच समोरचं माणूस गप्प बसून जिंकू लागलं.

तूली एकवीस वर्षांची, उंच, पिंगट वेणीची. ती योएन्सू नावाच्या गावाहून इंग्रजी शिकायला आली होती. पहिल्या रात्री जेवायला बसली आणि म्हणाली, "मीठ द्या."

डोरीनचा हात हवेतच थांबला. "मीठ द्या, आणि पुढे?"

तूलीने विचार केला. "मिरी पण द्या."

'प्लीज' नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, चहाला नाही, टॉवेलला नाही. डोरीन स्वतः दूधवाल्याला, महापौराला आणि देवाला एकाच मापाच्या शिव्या घाली, पण प्लीजला तिने कधी सुट्टी दिली नव्हती. "ए हलकट बोक्या, सोफ्यावरून उतर, प्लीज," असं ती शेजारच्या मांजरालासुद्धा म्हणे. आपल्याकडे 'कृपया' पाट्यांवर राहतं आणि घरात पाऊल टाकत नाही. तिथे मात्र त्या एका शब्दावाचून माणूस रानटी ठरतो.

तीन आठवडे असेच गेले. डोरीन बोले, तूली ऐके. डोरीन थांबली की तूली आणखी थोडं ऐके, आणि मग मान हलवून वर निघून जाई.

"तोंडातून शब्द फुटत नाही कार्टीच्या," डोरीन शेजारच्या विनीला कुंपणावरून म्हणाली. "भिंतीशी बोलावं तर भिंत निदान कधी कधी पोपडा तरी टाकते."

"माझ्याकडे पाठव," विनी म्हणाली. "आमच्या हॅरल्डने अठ्ठेचाळीस वर्षांत मला एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही."

शेवटी डोरीनने कचेरीला पत्र लिहिलं. 'मुलगी स्वच्छ आहे, पण जिवंत आहे की नाही याची खात्री नाही. बदलून मिळावी, प्लीज.' पाकिटाला तिकीट लावलं आणि कोट चढवून ती दारात आली.

बाहेर फूटभर बर्फ पडला होता. वॉकलीच्या रस्त्यांना चढण अशी की बर्फात माणूस घरून निघतो तो थेट खालच्या चौकातच थांबतो. पण डोरीनच्या पायऱ्या मात्र साफ होत्या, वर घसरू नये म्हणून राखही टाकली होती. गेले दोन आठवडे त्या रोज सकाळी अशाच साफ असत. हे काम हॅरल्डचं, असं समजून डोरीनने त्याला दोनदा मटणाचा रस्सा दिला होता, आणि त्या थोर पुरुषाने तो दोन्ही वेळा मुकाट्याने खाल्ला होता. आज मात्र फावडं भिंतीला टेकलेलं होतं आणि पायरीवर तूली बसली होती. नाक लाल, डोळे त्याहून लाल.

"कॉलेज नाही का आज?"

"आहे. जाणार नाही."

"का?"

डोरीनने आयुष्यात प्रथमच वाट पाहिली, कारण थंडीने तिचे दात वाजत होते.

"डॉक्टर फेनिमोरच्या वर्गात बोलण्याला मार्क आहेत," तूली म्हणाली. "मला शून्य आहे. आमच्याकडे एकाचं बोलणं संपलं की थोडं थांबायचं आणि मग दुसऱ्याने बोलायचं. मी थांबते. पण इथे कोणाचं संपतच नाही. एकाचं अर्धं असतं तोवर दुसरा सुरू होतो. मी तीन आठवडे थांबले आहे."

"अगं माझे बाई! म्हणजे माझ्या घरात पण तू थांबूनच होतीस?"

"हो. तुमचं संपायची वाट बघत होते."

डोरीनला हसू फुटलं, ते आवरेना. विनीने खिडकी उघडून पाहिलं. शेवटी डोळे पुसत डोरीन म्हणाली, "आणि ते प्लीज? ते का नाही म्हणत गं?"

"आमच्या भाषेत तसा शब्द नाही."

"मग सभ्यपणा दाखवता कसा तुम्ही?"

तूलीने पायऱ्यांकडे पाहिलं. मग फावड्याकडे. मग, हे जरा जास्तच बोलणं झालं असं वाटून, आपल्या बुटांकडे.

डोरीनने कचेरीचं पत्र कोटाच्या खिशात कोंबलं. आणखी एक वाक्य ती हॅरल्डबद्दल बोलली, पण ते इथे छापता येणार नाही. मग तिने तूलीला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"बस. मी बोलत सुटते. तू मध्ये घुसायचं."

"ते उद्धटपणाचं होईल."

"इथे गप्प बसणं उद्धटपणाचं असतं, पोरी. लोकांना वाटतं तू त्यांना मनातल्या मनात नावं ठेवतेस."

"ते तर ठेवतेच."

"शाबास! तीच मोठ्याने ठेव."

डोरीन सुरू झाली. कारखान्याच्या मुकादमापासून विनीच्या गुडघ्यापर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. तूली तोंड उघडी, मिटी. डोरीन टेबलावर लाकडी चमचा आपटी. "श्वास घेताना धर मला! मी श्वास घेते ना मधूनमधून? तिथे घुस!" चरबी लावलेला पाव आणि काळाकुट्ट चहा यांवर हे रोज तासभर चाले. नवव्या दिवशी डोरीन रॉनच्या बहिणीची निंदानालस्ती रंगवून सांगत असताना तूली अचानक ओरडली, "थांबा जरा, बये! चाक बंद करा! माझं ऐका!"

चाक बंद करा, ही कारखान्यातली हाक होती. डोरीनने बोलण्याच्या ओघात ती कधी वापरली, तिचं तिलाच आठवेना. ती गप्प झाली. "हं, बोल."

"मला काही बोलायचं नाहीये," तूली म्हणाली. "नुसतं घुसून पाहिलं."

पुढच्या गुरुवारी डॉ. फेनिमोर वर्गात सांगत होते, की उत्तरेकडच्या कामगारांची बोली आता मरत चालली आहे, ती ऐकायला मिळणंही दुर्मीळ. लंडनकडची चार-पाच पोरं एकाच वेळी त्यांच्याशी सहमत होत होती. डॉक्टरांनी श्वास घेतला आणि तूलीने त्यांना धरलं.

"थांबा जरा, बये! चाक बंद करा!"

डॉक्टर साठीचे, चष्मेवाले. त्यांना 'बये' आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तूलीला आता मागे फिरायला जागा नव्हती. ती वीस मिनिटं बोलली. कारखान्यातले कुठले शब्द डोरीनच्या तोंडी रोज येतात, कुठले फक्त विनीशी बोलताना येतात, आणि कुठले फक्त मांजराशी. शेवटी ती म्हणाली, "ही भाषा मेलेली नाही. इथून दोन मैलांवर राहते. तुम्ही वर चढून गेला नाहीत, एवढंच."

घरी येऊन तिने सगळं डोरीनला सांगितलं. डोरीनचा चेहरा पडला. "आता मला कचेरीच्या यादीतून काढतील. पोरीला बिघडवलं म्हणतील."

तसं काही झालं नाही. जूनमध्ये गुणपत्रिका आली तेव्हा डॉक्टरांनी शेरा लिहिला होता: 'सहभाग उत्तम. किंचित कमी चालेल.' डोरीनने ती पत्रिका विनीला दाखवली, मग खाटकाला, मग बसमधल्या एका अनोळखी बाईला.

तूली गेली आणि मागची खोली पुन्हा रिकामी झाली. पुढच्या फेब्रुवारीत चौसष्ट वर्षांच्या डोरीनने पहिल्यांदा पासपोर्ट काढला आणि ती योएन्सूला गेली. तिथे तूलीच्या आजीने तिला लाकडी खोलीत, तापल्या दगडांच्या वाफेत, जन्मली तशी बसवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. चाळीस मिनिटं कोणी चकार शब्द काढला नाही.

"चाळीस?" परतल्यावर विनी म्हणाली. "तू?"

"चाळीस. बरं वाटलं गं. शेवटी म्हातारीने माझ्या खांद्यांवर थोपटलं आणि काहीतरी बोलली. तूली म्हणाली, आजी विचारतेय, एवढे दणकट खांदे, ही बाई घोडे वठणीवर आणत होती का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नाही. नवरा."

सप्टेंबरात तिच्याकडे ग्रीसहून स्टॅमाटिस नावाचा मुलगा आला. तो दारातच बोलायला लागला, आणि पेट्या वर चढवून होईपर्यंत त्याने आईचं ऑपरेशन, विमानातलं जेवण आणि स्वतःचा प्रेमभंग एवढं सगळं सांगून टाकलं. डोरीनने दोनदा मध्ये घुसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग ती त्याच्या बरोबरीनेच बोलायला लागली. नाताळपर्यंत दोघं रोज संध्याकाळी एकदमच बोलत बसत. ऐकायचं काम विनी कुंपणापलीकडून करी.