बॅटरी काढलेला लॅपटॉप

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीत सुटली. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर चुकांबद्दल माफ करा. चार लोकांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंधारात मळ्याला पाणी द्यायला मी एकटी जाते... मला भीती वाटते ती माणसांची.

भातकुलीजवळ आमचा झेंडू आहे. दसऱ्याच्या फुलांचे बारा हजार आले, ते सगळे देऊन मुलीसाठी, प्रतीक्षासाठी, जुना लॅपटॉप घेतला. अमरावतीचे एक वकील तिला घरी बसून टायपिंगचं काम देणार होते. महिनाअखेर लॅपटॉप नसेल तर काम दुसऱ्या मुलीला. दुकान अकोल्याचं, माझ्या भावाच्या ओळखीचं.

पहिल्याच संध्याकाळी तो बंद पडला. चालू केला की आतला पंखा घरघरायचा, चित्र यायचं, आणि लगेच अंधार. प्रतीक्षाने दुसऱ्या बोर्डाला लावून पाहिला, बॅटरी काढून परत बसवली, टेबलफॅनसमोर ठेवला. तेच. दुकानदार फोनवर म्हणायचा, "दिवाळी होऊ द्या, मंग आणा."

भाऊबीजेला माहेरी, अकोल्याला गेले तेव्हा पिशवीत घालून नेला. दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने झाकणावरचा लाल ठिपका पाहिला.

"काकू, लक्ष्मीपूजनाले याची पूजा केली काय?"

"केली. एक बोट लावलं."

"मंग झालं. कुंकू गेलं पंख्यात. आता माह्याकडून काही होत नाही."

"तो पहिल्या दिवसापासून बंद पडून राहिला, भाऊ."

"तुमी चवथी शिकल्या ना काकू? तुमाले यातलं काय समजते?"

चौथीचं त्याला माझ्या भावानेच सांगितलं असणार. तोही हसत होता. म्हणाला, "जाऊ दे ना ताई, ओळखीचा माणूस आहे."

ओळख त्याची, झेंडू माझा. पण तोंडातून एवढंच निघालं – "कुंकू दाखवा."

त्याने लॅपटॉप पालथा केला, स्क्रू काढले, मागचं झाकण काढलं. बॅटरी काढून बाजूला ठेवली. चार्जर तर माझ्या पिशवीतच होता. आत काळी धूळ होती. कुंकवाचा कणही नाही.

तो काही बोलणार, एवढ्यात पंखा फिरायला लागला.

घरघर नाही, काही नाही... शांत फिरत होता. पालथ्या पडद्याचा उजेड काउंटरच्या काचेवर पडला. दुकानदाराने बटण दाबलं, दाबून धरलं. बंद होईना. "आत थोडा करंट राहते," तो म्हणाला. आम्ही उभेच. भावाने मागवलेला चहा आला, गार झाला. भाऊ हसायचा थांबला होता. मी हात पुढे केला – "माहे पैसे."

त्याने सहा हजार दिले. "बाकीचे पाहू." बॅटरी आणि लॅपटॉप तिथेच ठेवून मी निघाले.

पुढच्या आठवड्यात अमरावतीला मी फुलं घेऊन बसले होते, तेव्हा तो दुकानदार समोर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली.

"काकू, तो अजून चालूच आहे. त्याची बॅटरी तर मी विकूनही टाकली. शटरखालून उजेड दिसते, शेजारचे विचारून राहिले. काय केलं तुमी त्याले?"

मी काहीच केलं नव्हतं. प्रतीक्षाने नंतर शिकलेल्या लोकांना विचारलं, तेही म्हणतात आत थोडा करंट राहतो. थोडा म्हणजे किती दिवस, ते कोणी सांगत नाही. मलाही सांगता येत नाही.

तेव्हा मी त्याला म्हटलं, "मले काय समजते भाऊ? चवथी शिकली मी."

त्याने खिशातून नोटा काढून झेंडूच्या टोपलीवर ठेवल्या. वकिलांची मुदत अजून संपली नव्हती. मी त्याच्यासमोर, सावकाश, दोनदा मोजल्या. पूर्ण होत्या.